मूठ वळायची

ठोकळा खालून वर उसळला आणि बंद झाला, एवढंच झालं. कारभारी नानांनी पितळेचा खोटा गोळा तोफेच्या मागच्या तोंडात ढकलला, तो आत बसल्याबरोबर तळातला पोलादी ठोकळा आपोआप वर आला, खण्ण आवाज झाला, शॉपमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या मालकांनी, हर्षलसरांनी, मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि माझ्या हातातलं व्हर्नियर फरशीवर पडलं. अकरा वर्षं मी मोजमापाचं काम करते, माझ्या हातून व्हर्नियर कधी पडलं नाही. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे तोफेकडे बघत होते. मी उजव्या हाताकडे बघितलं तर त्याची मूठ वळलेली होती. मी वळली नव्हती, तिची तीच वळली होती, नखं तळव्यात रुतली होती. आणि तिकडे नाना आपल्या सिन्नरच्या बोलीत सगळ्यांना समजावत होते. "बघितलं का? उघडा हात घालायचा नाय. मूठ वळायची, आन् मुठीनं गोळा ढकलायचा. मूठ आसली तर ठोकळा तिला वर लोटून देतो, काय होत नाय. बोटं लांब आसली तर बोटं घिऊन जातो. देवळालीला तोफखान्यात आमाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. गोळा कुठं पडतो ते मागून."

पहिल्या दिवशी, म्हणे. माझं डोकं फिरलं ते तिथे. नाना तीस वर्षं तोफांमागे राहून निवृत्त झालेले हवालदार, बिचाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांना सिनेमावाल्यांनी पाठवलंय, नटांना तोफ कशी भरायची ते शिकवायला. ही तोफ खरी नाहीच. मुंबईच्या एका कंपनीला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जहाजाचा सेट लावायचाय, जहाजावर विमानं पाडायची तोफ पाहिजे, सदतीस मिलिमीटरची, दोन नळ्यांची, हुबेहूब. नळ्या पुढून वीतभर आणि मागून गोळा बसेल एवढ्याच पोकळ, बाकी भरीव. पण मागचं तोंड चाललंच पाहिजे ही त्यांची अट, कारण जवळून शूटिंग तिथेच करायचंय. पाच महिने आम्ही अंबडच्या आमच्या शेडमध्ये ती घडवत होतो. समुद्र इथून चार-पाच तासांवर, जर्मनी कुठच्या कुठे, आणि आम्ही एरवी गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट ठोकणारी माणसं. पण तिचा एकेक पार्ट माझ्या हाताखालून गेला, एकेक ड्रॉइंग मी वाचलं, आणि वाचता वाचता कळलं की ही तोफ हाताने भरायची. एक गोळा, एक बार. पुन्हा वाका, पुन्हा उचला, पुन्हा ढकला. वरून विमान बॉम्ब घेऊन येतंय आणि हा बाबा खाली वाकून एकेक गोळा उचलतोय. हर्षलसर माझ्या केबिनमध्ये येऊन खो खो हसले होते. म्हणाले, "एवढे हुशार जर्मन, आणि हे काय मॅडम? एकेक पीस हाताने? आपल्या प्रेससारखंच झालं की." असं म्हणून त्यांनी चहा मागवला. आपण काय बोललो ते त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि मीही चहा प्यायले.

ते जर्मन काही संत नव्हते. त्यांनी माणसं मारायचे कारखाने काढले होते. पण त्यांच्या बोटीवर, लाटा अंगावर येत असताना, जीव जायची वेळ असताना, तोफ भरणाऱ्या पोराला कोणीतरी सांगितलं असणारच की बाबा, मूठ वळ. माणूस मारायला निघालेल्यालासुद्धा आपल्या माणसाची बोटं सांभाळावी लागतात. आणि इथे? आमच्यावर कुठलं विमान चालून येत होतं? सीटखालचे ब्रॅकेट. तासाभरात थोडे कमी निघाले असते तर कुठली बोट बुडणार होती? मी खाली पडलेलं व्हर्नियर उचललं. खाली पडलेलं व्हर्नियर तपासल्याशिवाय वापरायचं नाही हा माझाच नियम, त्यावरून मी भल्याभल्यांना झापलंय. मोठी आली नियमाची. आज खंडेनवमी, अकरा वाजता पूजा, प्रत्येकाने आपापलं हत्यार पाटावर ठेवायचं. फिटर पाने ठेवतो, वेल्डर टॉर्च ठेवतो, मी दरवर्षी व्हर्नियर ठेवते. पण पडलेलं कसं ठेवणार? म्हणून ते तपासायला मी केबिनमध्ये गेले, आणि त्यासाठी ज्या ड्रॉवरमधून मोजणीचे ठोकळे काढावे लागतात त्याच ड्रॉवरच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, ती होती. होती म्हणजे असणारच. मीच ठेवली आहे.

लाकडाची पाचर आहे. अंगठ्याएवढी, सागाची, हात लागून लागून गुळगुळीत झालेली, डोक्याशी निळ्या रंगाचा डाग. तीन नंबरच्या प्रेसची. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हात पसरून पोहोचतील एवढ्या अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा रॅम खाली येतो. म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवर, बोटं जागच्या जागी. ज्या कोणी हे शोधून काढलं त्याचं भलं होवो. पण एका बटणाच्या फटीत पाचर मारली की ते कायमचं दाबलेलं राहतं, एक हात मोकळा होतो, त्या हाताने पत्रा सरकवत राहायचं, दुसऱ्याने बटण दाबत राहायचं, माल भराभर निघतो. ही पाचर कोणी घडवली कोणास ठाऊक, माझ्या आधीपासून होती. सगळ्यांना माहीत होती. हर्षलसर सकाळी राउंडला यायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असायची, आणि माल कमी पडला की तेच म्हणायचे, "पाचर कुठे गेली रे तीन नंबरची?" त्या तीन नंबरवर माझा भाऊ होता. मनोज. मीच सुरगाण्याहून त्याला आणला. पावसाळा संपला की अख्खा पाडा जीप भरून द्राक्षाच्या कामाला निघतो, तिथे आयुष्यभर वाकत राहण्यापेक्षा छपराखाली काम बरं, असं मीच आईला सांगितलं होतं. आम्ही कोकणा जमातीची माणसं, आमच्यात पहिली डिप्लोमा झालेली मी. माझा शब्द घरात देवाच्या शब्दानंतरचा.

तेव्हा मी याच केबिनमध्ये होते. आवाज काही वेगळा नव्हता. दिवसभर होतो तोच आवाज, फक्त त्याच्यानंतर पुढचा आला नाही. आजही मला आवाजाची भीती वाटत नाही, मधल्या गॅपची वाटते. मी बाहेर आले तर मनोज प्रेससमोर उभा होता आणि उजव्या हाताकडे बघत होता. ओरडला नाही. मला म्हणाला, "ताई, पत्रा खराब झाला." त्याला गाडीत घालून नेलं, बरोबर वेल्डर गेला, मी निघणार तेवढ्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तपासणीला सरकारी साहेब येतील, म्हणाले. प्रेसला सील लागेल, चाळीस माणसं घरी बसतील, मनोजची काळजी करू नका, त्याला मी आयुष्यभर सांभाळेन, गेटवर कायम करतो. आणि मग म्हणाले, "मॅडम, तेवढी पाचर काढून घ्या." अरे, तुम्हाला हात नव्हता का? स्वतः काढायची. पण नाही, मॅडमनी काढायची. आणि मी काढली. घट्ट बसली होती, दोनदा हलवावी लागली. एप्रनच्या खिशात टाकली. साहेब आले, त्यांनी दोन्ही बटणं दाबून बघितली, दोन्ही चालू. मी कागदावर लिहिलं, सुरक्षा यंत्रणा सुरू होती, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. निष्काळजीपणा हा शब्द मी न चुकता लिहिला, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. घाबरून लिहिला, हे खरं. पण नुसती घाबरले होते म्हणाले तर तेही खोटं. सर मला मॅडम म्हणत होते, चाळीस माणसांचं पोट माझ्या हातात दिलं होतं, आणि मला ते बरं वाटलं होतं. त्या दिवशी. भावाची चार बोटं फरशीवर असताना.

मनोजने साहेबांना दवाखान्यात सांगितलं, पाचर होती. साहेब म्हणाले, नव्हती. मनोजने आईला सांगितलं, पाचर होती. आईने मला विचारलं. फुलाबाई माझी आई, तिला अक्षर येत नाही, पण खोटं तिला वासाने कळतं असा तिचा लौकिक. मी म्हणाले, "नव्हती, आय." आणि तिला वास आला नाही. माझा आलाच नाही तिला. मनोजने मग वाघदेवाची शपथ घेतली, पाचर होती म्हणून. आमच्या पाड्यावर वाघदेवाच्या नावाने कोणी उगीच शपथ घेत नाही. खोटी घेतली तर दोष लागतो, मग तीन वर्षं वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाची पूजा असते तेव्हा, स्वतः पाळलेला कोंबडा द्यायचा आणि अख्ख्या पाड्यासमोर म्हणायचं, मी खोटं बोललो. आई त्याला म्हणाली होती, "चुकलं तर चुकलं म्हन, बाबा. हात गेला त्याचं दुख हाय, पन तोंड नको घालवू." पहिल्या वर्षी तो चिडला, कोंबडा देताना बोललाच नाही, लोकांनी बोलायला लावलं. दुसऱ्या वर्षी गुपचूप बोलला. आणि आज सकाळी मी गेटमधून आत येताना त्याने मला थांबवलं. निळा युनिफॉर्म, शिट्टी, उजवा हात नेहमीसारखा खिशात. म्हणाला, "ताई, वाघबारशीला दोन दिवस सुट्टी टाकतो. शेवटचा कोंबडा. आशाने खोलीमागे पाळलाय, चांगला झालाय. आय म्हनते, यंदा दिला का फिटलं." आशा म्हणजे त्याची बायको. मी बरं म्हणाले. तो हसला. "आणि खरं सांगू का ताई, मला आता वाटतं नसंलच पाचर. रोज असायची ना, म्हणून त्या दिवशीबी होती असं डोक्यात राहिलं असंल."

रागावता आलं असतं त्याला. शिव्या घालता आल्या असत्या, मलाही चाललं असतं. पण हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेऊन हसतोय. अजून अठरा दिवस. मग तो कोंबडा कापला जाईल, पाडा म्हणेल झालं गेलं गंगेला मिळालं, आणि माझा भाऊ कायमचा माफ केलेला खोटारडा होईल. बोटं प्रेसने घेतली, ती चार. बाकीचं सगळं मी घेतलं. हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि मी रोज डबा खात होते, पगारवाढ घेत होते, आणि या जर्मन तोफेच्या ठोकळ्याला दोन शतांश मिलिमीटर जास्त म्हणून परत पाठवत होते. कळून न कळल्यासारखं करायची सवय लागते माणसाला, चपलेतल्या खिळ्यासारखी. पाय वाकडा टाकायला शिकतो माणूस. मी पाचर मुठीत घेतली, ड्रॉवर लावला, आणि व्हर्नियर तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आले. काय करणार ते ठरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

बाहेर पाट मांडला होता. पाने, हातोडे, टॉर्च, गेज, सगळ्यांवर हळदकुंकू, आपट्याची पानं, आणि तोफेच्या दोन्ही नळ्यांना झेंडूच्या माळा. हर्षलसर झब्बा घालून आले होते, खुशीत होते, सिनेमावाल्यांना फोटो पाठवायचे होते. त्यांची नजर गेटकडे गेली. "अरे मनोज, इकडे ये. तू युनिफॉर्ममध्ये आहेस, मस्त दिसेल. लोडर म्हणून उभा राहा. गोळा घे, नानांनी सांगितली तशी मूठ कर." त्यांनी हे मुद्दाम केलं असतं तर मी समजू शकले असते. पण ते विसरले होते. ज्याला आयुष्यभर सांभाळणार होते त्याचा हात ते साफ विसरले होते. मनोज आला. शिट्टी गळ्यात नीट केली, डावा हात पुढे केला. "उजवा, उजवा," सर म्हणाले, "कॅमेरा या बाजूला आहे." मग मनोजने उजवा खिशातून काढला. सर म्हणाले, "अच्छा, बरं, डावा चालेल."

कारभारी नाना मात्र पुढे आले. त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, अंगठा आणि त्याच्यापुढची सपाट जागा नीट बघितली, डॉक्टर बघतो तसा. "उघडा हात घातला का रे? कोनत्या रेजिमेंटला होतास?"

"तोफेवर नाही, नाना," मनोज म्हणाला. "इथं, तीन नंबरवर."

"तुला कोनी सांगितलं नवतं?"

"चूक माझीच होती. दोन्ही बटणं चालू होती. माझाच निष्काळजीपणा झाला."

माझा शब्द. मी कागदावर लिहिलेला, जसाच्या तसा, सुरगाण्याच्या तोंडात. शाळेत कविता म्हणतात तसा त्याने तो म्हणून दाखवला, एका परक्या म्हाताऱ्यासमोर, चूक होऊ नये म्हणून सावकाश. मला वाटतं मी चार पावलं चालले असेन. पाटाशी वाकले आणि मूठ उघडली. उघडायला त्रास झाला, बोटं आखडली होती. पाचर मी पान्यांच्या आणि टॉर्चच्या मधे ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं. सगळ्यांनी ओळखली. तीन नंबरवर ज्याने एक दिवस जरी काम केलंय त्याला ती निळ्या डागासकट माहीत होती. मनोज वाकून बघत राहिला. त्याने हात लावला नाही.

"होती ना, ताई?"

"होती."

"त्या दिवशी होती?"

"त्या दिवशी होती. साहेब यायच्या आधी मी काढली. तू खोटं बोलला नाहीस. मी बोलले."

"ज्योत्स्ना मॅडम," सर म्हणाले, आवाज अगदी मऊ, "सणाचा दिवस आहे. आपण केबिनमध्ये बसून बोलू." मी म्हणाले, केबिनमध्ये आपण तीन वर्षांपूर्वी बोललो सर, आता इथेच बोलू. तीन नंबरवर आत्ता बाभळीची नवी पाचर आहे, पेठचा एक माणूस परवापासून तिथे उभा आहे, तीसुद्धा आणून ठेवते, तिचीही पूजा करा. मी कागद केलाय तो मी बदलून देईन, ज्या साहेबांना दिला त्यांच्याच हातात देईन, माझी सही मीच खोटी म्हणून सांगेन. आवाज चढला होता माझा, मला ऐकू येत होतं. सर मोबाइल खिशात घालत होते, तो खिशात जात नव्हता, झब्ब्याचा खिसा त्यांना सापडत नव्हता. नानांनी विचारलं, "तीन नंबर कुठं हे?" कोणीतरी हात दाखवला. ते तिकडे चालायला लागले आणि त्यांच्यामागे वेल्डर गेला, मग आणखी दोघे. मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. कसलं काय. मनोजने अजून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

त्याने डाव्या हाताने फोन काढला, डाव्याच अंगठ्याने लावला. "आय," तो म्हणाला, "ताई काय सांगते ते ऐक," आणि फोन माझ्या कानाशी धरला. मला हातात दिला नाही, स्वतःच धरून उभा राहिला, कानाला दुखेल इतका घट्ट. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या, कोणीतरी नागली पाखडत असावं, सुपाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आय, पाचर होती. मी काढली, आणि तुला नव्हती म्हणून सांगितलं." सुपाचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "पोराला पाड्याम्होरं उभं केलं मी. दोनदा." मी हो म्हणाले. "त्यानं देवाची शपथ घेतली, आन् मी तुझ्यावर इस्वास ठेवला." मी परत हो म्हणाले, दुसरं काय म्हणणार. "मंग यंदाचा कोंबडा कुनाचा?"

"माझा, आय. तिन्ही माझेच."

मनोजने फोन काढून घेतला. "ती येईल, आय. सगळ्यांसमोर बोलंल," एवढं म्हणून त्याने तो बंद केला, पाटावरची पाचर उचलली आणि शर्टच्या वरच्या खिशात, शिट्टीच्या दोरीमागे नीट ठेवली. मग त्याने माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत तो माझ्यावर रागावला नव्हता, तो राग कसा दिसतो ते मी विसरले होते.

"आशाने पाळलेला कोंबडा मी देणार नाही," तो म्हणाला. "आणि विकतचा चालत नाही, तुला माहीत आहे. यंदा नुसती ये आणि बोल. पिल्लू आजच आण, म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत मोठं होईल."